मास्तरांच्या गाडीचा सेल्फ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवायची कायमची बंदी केली, तेव्हा घरात निदान दोन दिवस तरी हळहळ होईल अशी माझी अपेक्षा होती. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच आमच्या हिने विचारलं, "मग आता मी शिकू का?"

तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. मी अडतीस वर्षं शिंपीकाम केलं आणि उजवा डोळा त्यातच संपवला. डाव्यानं वर्तमानपत्रातले मथळे तेवढे वाचतो, खालची बातमी अंदाजानं. ही बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात होती. तक्रार नोंदवून घेणारी नव्हे, बिघाड शोधून काढणारी. कुणाचा फोन मुका झाला, कुणाच्या फोनवर भलत्याचंच भांडण ऐकू यायला लागलं, की हातात मीटर घेऊन ही तारांच्या जंगलात शिरायची. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नाही. त्याचा त्रास मुख्यतः मला व्हायचा, कारण घरात बिघडण्यासारखा मीच एक होतो.

गाडी शिकायला कारण मात्र खरं होतं. आमची मुलगी तासाभराच्या अंतरावर राहते. तिला नुकतंच जुळं झालं होतं, आणि तिच्याकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागत. दारात आमची छोटी गाडी कापड पांघरून उभी. तेव्हा सुरुवातीला मोकळ्या मैदानात मीच शिकवायला बसलो. पहिला धडा वीस मिनिटं चालला. त्यानंतर चार दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. पाचव्या दिवशी ही म्हणाली, "मी क्लास लावते. परक्या माणसाचं ओरडणं मला सोसेल."

परका माणूस म्हणजे मास्तर. न्हाव्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये त्यांचं ऑफिस होतं, एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढं. बाहेर त्यांची एकुलती एक गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी लाल पाटी. मास्तर अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले, मनानं मात्र चांगले. मला ते काका म्हणायचे आणि हिला मावशी. या हिशेबानं आम्ही नवरा-बायको कसे, हे त्यांनी कधी तपासलं नाही.

ऑफिसच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे.'

"गेल्या तीन महिन्यांत क्लचच्या तीन वायरी तुटल्या," मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "का? तर तुम्ही शिकाऊ लोक क्लचवर पाय ठेवून बसता. पाय बाजूला. कळलं ना, मावशी?"

"कळलं," ही म्हणाली.

"आणि काका, तुम्ही मागे बसा."

मला वाटलं, वडिलकीचा मान. दुसऱ्या दिवशी मानाचं कारण समजलं. चौकात गाडी बंद पडली. हिने किल्ली फिरवली. इंजिनाच्या पोटात कुठंतरी 'टक्' असा एक आवाज झाला आणि पुढं काहीच नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. मास्तर मान वळवून गोड आवाजात म्हणाले, "काका, जरा उतरता का?"

तर अशी ती गाडी होती. सकाळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. दोन-तीन धडे होऊन तापली की रुसायची. कधी टक्, कधी टक् टक्, कधी दहाव्या वेळी अचानक सुरू. धक्का मारला की मात्र शहाण्यासारखी पळायची. आमच्या नंतरचा धडा एका नर्सबाईंचा असे. दवाखान्यातली पाळी संपवून त्या थेट यायच्या. त्या आणि मी मिळून ती गाडी किती वेळा ढकलली याची गणती नाही. पेशंट ढकलायची सवय असल्यामुळं नर्सबाईंचा जोर माझ्यापेक्षा चांगला होता. वर त्यांनाच मास्तरांची बोलणी खावी लागत. "तुमचा पाय आहे की घोड्याचा," असं मास्तर त्यांना म्हणाले होते, कारण तिसरी वायर त्यांच्या पायाखाली तुटली होती.

दीड महिन्यात आमच्या हिला गाडी चांगली यायला लागली. वळणं, चढ, मागे घेणं, सगळं. मास्तरांनी परीक्षेचा दिवस ठरवला.

परीक्षेच्या मैदानात पंधरा-वीस गाड्यांची रांग होती. ऊन चढलं होतं. आमचा नंबर येईपर्यंत गाडी चारदा सुरू करून पुढं घ्यावी लागली, आणि चारही वेळा ती सुरू झाली. पाचव्या वेळी परीक्षक साहेब हिच्या शेजारी येऊन बसले. सडपातळ माणूस, हातात फळी, फळीला चिमट्यात अडकवलेला कागद. "चला," ते म्हणाले.

हिने आरसा नीट केला, गिअर मोकळा आहे का ते पाहिलं, किल्ली फिरवली.

टक्.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

टक्.

तिसऱ्या टक्नंतर साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, दार उघडलं आणि खाली उतरून म्हणाले, "पंधरा दिवसांनी या." लांबून मला त्यांचं लिहिणं दिसायचं कारण नव्हतं, पण हिने वाचलं होतं. 'उमेदवारास गाडी सुरू करता येत नाही.'

परतताना गाडी मास्तर चालवत होते. अर्थात धक्का मारून सुरू केलेली. मग मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. होतं असं. तुम्ही किल्ली घाबरत फिरवलीत."

मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या संसाराचा अनुभव.

"मास्तर," ही अगदी शांतपणे म्हणाली, "मी घाबरले होते हे गाडीला कोणत्या वायरीनं कळलं?"

मास्तर हसले, मग हसायचे थांबले.

"मला एक सांगा," हिने पुढं विचारलं. "टक् होतं तेव्हा समोरचे दिवे मंद होतात का?"

"दिवे? दिवसा दिवे कोण बघतं?"

"मी बघितले. आज रांगेत पुढच्या गाडीच्या पाठीवर आपल्या दिव्यांचा उजेड पडत होता, तुम्हीच लावून ठेवले होते ते. टक् झालं तेव्हा उजेड तेवढाच होता. म्हणजे बॅटरी उपाशी नाही, आणि स्टार्टरपर्यंत जेवण पोचत नाहीये. उद्या मला तुमच्या इलेक्ट्रिशियनकडे घेऊन चला."

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, लोकरी शालीखाली, तिचा मीटर होता. काट्याचा, जाड काचेचा, चामड्याच्या पिशवीतला. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं तिला घड्याळ देऊ केलं होतं. तिने तो मीटर मागून घेतला. त्या संध्याकाळी तिने त्याची टोकं घासून स्वच्छ केली, नवीन सेल घातले, आणि जेवताना दोन वेळा स्वतःशीच हसली. परीक्षेत नापास झालेलं माणूस इतकं खुशीत मी पहिल्यांदाच पाहिलं.

मास्तरांच्या इलेक्ट्रिशियनला सगळा गाव स्पार्क म्हणायचा. चाळिशीचा गडी, चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही. त्याच्या दुकानात भिंतीवर जुने स्टार्टर हुकांना टांगलेले, खाली जमिनीवर बॅटऱ्यांची रांग, आणि कोपऱ्यात एक रेडिओ, ज्याचा फक्त आवाज कमी-जास्त करता यायचा, बंद करता यायचा नाही. मास्तरांची गाडी वळताना दिसली तशी त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर, आता काय? बॅटरी नवी घातली. स्टार्टर खोलून आतले कार्बन बदलले. सोलेनॉइड बदलला. किल्लीचा स्विच बदलला. आता या गाडीत बदलायचे फक्त तुम्ही राहिलात."

"या मावशींना बघायचंय," मास्तर जरा संकोचून म्हणाले.

स्पार्कनं हिच्याकडे पाहिलं, हिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "हा मीटर कुठून मिळाला?"

"एक्स्चेंजमधून."

"माझ्या वडलांकडे होता असला. पडला आणि गेला." त्यानं हात पुसून मीटर हातात घेतला, काटा हलवून पाहिला आणि परत दिला. त्यानंतर त्याच्या बोलण्यातला कडकपणा जरा उतरला.

"जे भाग बदलले, ते खराब होते का?" हिने विचारलं.

स्पार्कनं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "खरं सांगू? अजून चालले असते. पण गिऱ्हाईक दारात उभं असतं, गाडी माझ्यासमोर नीट सुरू होते, मी तरी काय धरू? वाटलं ते बदललं."

"आमच्याकडे कुणी न मोजता तार बदलली, की आमचे साहेब ती जुनी तार त्याच्या गळ्यात घालून त्याला दिवसभर फिरवायचे."

स्पार्कनं भिंतीवर टांगलेल्या स्टार्टरांकडे बघितलं. "मग मला बरंच वजन झालं असतं," तो म्हणाला.

गाडी अर्थातच तिथं पहिल्या किल्लीला सुरू झाली. डॉक्टरसमोर ताप उतरतो तशी. पण ही घाईत नव्हती. इंजिन थंड असतानाच तिने एक माप घेऊन ठेवायचं ठरवलं. स्पार्कला किल्लीवर बसवलं, मला बॉनेटखाली टॉर्च धरायला उभं केलं, आणि मास्तरांना सांगितलं, "तुम्ही बोलू नका."

मला विजेतलं फारसं कळत नाही. तिने त्या दिवशी समजावलं तेवढं सांगतो. बॅटरीतून स्टार्टरपर्यंत वीज एका जाड केबलनं जाते. पण जाऊन भागत नाही, तिला परतही यावं लागतं. परतीसाठी वेगळी केबल नसते. स्टार्टर इंजिनाला घट्ट बसवलेला असतो, इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला एक जाड पट्टी जोडलेली असते, आणि पत्र्यापासून बॅटरीला. या परतीच्या वाटेला ते लोक इंग्रजीतलं 'अर्थ' म्हणतात. वाट मोकळी असेल तर मीटरचा काटा जवळजवळ हलत नाही. वाटेत अडथळा असेल तर जेवढा अडथळा, तेवढा काटा चढतो.

"जाणारी बाजू," ती म्हणाली. मीटरचं एक टोक बॅटरीला, दुसरं स्टार्टरच्या मोठ्या बोल्टला. "मारा सेल्फ."

इंजिन घुर्र करून सुरू झालं. काटा किंचित थरथरला.

"चांगली आहे. बंद करा. आता परतीची बाजू." एक टोक बॅटरीच्या दुसऱ्या खांबाला, दुसरं इंजिनाच्या अंगाला. "मारा."

इंजिन पुन्हा सुरू झालं, पण या वेळी काटा एकपर्यंत चढून खाली आला.

"एक व्होल्ट," स्पार्क खिडकीतून मान काढून म्हणाला. "चालतं तेवढं."

"थंड असताना एक. तापल्यावर किती, ते बघू. मास्तर, बसा. मी चालवते."

आम्ही चौघं गावभर फिरलो. बाजाराचा रस्ता, नदीचा पूल, दवाखान्याचा चढ, परत बाजार. ही चालवत होती आणि मास्तर नेहमीसारखे "क्लच, मावशी, क्लच" म्हणत होते. स्पार्क माझ्या शेजारी मागे बसला होता. त्याला स्वतःच्या गावात असं रिकामं फिरायची सवय नसावी. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून तो मला तिचा आजार सांगत होता. अर्ध्या तासानं आम्ही त्याच्या दारात आलो. हिने गाडी बंद केली, दहा आकडे मोजले, किल्ली फिरवली.

टक्.

कुणी गाडी बंद पडल्याबद्दल टाळी वाजवलेली मी तोवर पाहिली नव्हती. स्पार्कनं वाजवली.

पुन्हा सगळे आपापल्या जागी. जाणारी बाजू: काटा जवळजवळ जागेवर. परतीची बाजू, बॅटरीपासून इंजिनापर्यंत: टक् झालं आणि काटा सरळ सातपर्यंत चढला.

"सात," ही म्हणाली. आवाज हळू होता, पण तो मला ओळखीचा होता. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर, बूट काढता काढता, "सापडला एकदाचा," असं ज्या आवाजात सांगायची, तो. "बारातले सात वाटेतच संपतात. स्टार्टरच्या वाट्याला पाच. पाचात तो फक्त टक् करणार, बिचारा. आता अर्धं अर्धं करू. बॅटरीपासून पत्र्यापर्यंत."

टक्. काटा हलला नाही.

"म्हणजे पत्र्यापासून इंजिनापर्यंत," स्पार्क म्हणाला. तो आता किल्लीवरून उठून बाहेर आला होता आणि त्यानं मास्तरांना आत ढकललं होतं. "ती पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला असते. मावशी, थांबा. आधी खात्री करू." त्यानं भिंतीवरची एक जाड केबल काढली. एक टोक बॅटरीच्या परतीच्या खांबाला, दुसरं इंजिनाच्या एका उघड्या बोल्टला चिमट्यानं लावलं. "मास्तर, मारा."

तापलेली गाडी चटकन सुरू झाली. केबल काढली: टक्. केबल लावली: सुरू. त्यानं हे चार वेळा करून पाहिलं. पहिल्यांदा खात्रीसाठी, नंतरच्या तीन वेळा बहुतेक आनंदासाठी.

याच धांदलीत माझा हात भाजला. एका हातात टॉर्च होता, दुसरा मी आधारासाठी बॉनेटखाली कुठंतरी टेकवला होता. केबल काढून मास्तरांनी दोन-तीनदा टक् टक् केलं, आणि माझ्या तळव्याला इस्त्रीसारखा चटका बसला. मी हात झटकला.

"काय झालं?" हिने विचारलं.

"ही तापलीय. ही बारीक नळी. इंजिनापासून लांब आहे, तरी तापलीय."

स्पार्कनं टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. मग हळूच हात लावला आणि मागे घेतला. "काका, ही क्लचची वायर आहे."

हिने वाकून त्या वायरीची दोन्ही टोकं टॉर्चच्या उजेडात शोधली.

"मोठी वाट बंद झाली," ही सावकाश म्हणाली, "तर वीज जिथून मिळेल तिथून परत जाणार. क्लचची वायर एका बाजूला गिअरबॉक्सला, दुसऱ्या बाजूला पत्र्याला. तिच्यातून स्टार्टरची एवढी वीज..."

"मास्तर," स्पार्क म्हणाला, "तुटलेल्या वायरी कुठं आहेत?"

त्या डिकीतच होत्या. मास्तर काही टाकून देणाऱ्यांतले नाहीत. तिन्ही वायरी त्यांनी आणून बाकावर ठेवल्या. आता इथं माझा डोळा उपयोगाचा नव्हता, पण बोटं होती. नुसतं चोळून सुती कोणता आणि नायलॉन कोणता हे सांगायची त्यांना अडतीस वर्षांची सवय. मी तुटलेलं टोक चिमटीत धरून फिरवलं. झिजून तुटलेलं टोक कुंचल्यासारखं पसरतं. इथं बारीक बारीक तारांच्या टोकाला मोहरीएवढे गोल मणी लागत होते. नायलॉनचा दोरा मेणबत्तीवर धरून तोडला की टोकाला जसा मणी येतो, तसे. आतलं प्लास्टिकचं अस्तरही वितळून चिकटलं होतं.

"ही झिजलेली नाही," मी म्हणालो. "ही जळलेली आहे. तिन्ही."

आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं, की हाताचा चटका मी पुढचे दोन तास विसरलो.

मास्तर खाली बाकावर बसले. मोठ्या अंगाचा माणूस एकदम लहान दिसायला लागला. "म्हणजे पोरांचा पाय नव्हताच," ते म्हणाले. "नर्सबाईंचाही नाही."

"नाही."

"मी त्यांना घोडा म्हणालो."

"घोड्याचा पाय म्हणालात," मी दुरुस्ती केली. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

स्पार्क तोवर गाडीखाली शिरला होता. तिथून त्याचे फक्त बूट आणि आवाज बाहेर होते. "पट्टी आहे. दिसायला धडधाकट आहे. पाना द्या, बारा नंबर." थोड्या वेळानं पट्टी आणि बोल्ट घेऊन तो बाहेर आला. पट्टीचं एक टोक चकचकीत होतं. दुसऱ्या टोकाखाली जाड काळा रंग होता, आणि रंगावर गंजाची भुकटी. "रंगावरून बोल्ट आवळलाय. धातूला धातू लागतच नव्हता, फक्त आट्यांमधून कसंतरी चाललं होतं. तापलं की तेही सुटायचं. गिअरबॉक्स कधी खाली उतरवला होता का?"

मास्तरांनी पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"पाच महिन्यांपूर्वी," ते म्हणाले. "क्लच प्लेट बदलायला. मेहुणा आला होता सुट्टीला. आम्ही दोघांनी अंगणातच केलं. गिअरबॉक्स गंजलेला दिसत होता, म्हणून बसवायच्या आधी..."

"रंग दिला," स्पार्क म्हणाला.

"दोन हात," मास्तर म्हणाले. "छान दिसत होता."

पहिल्यांदा स्पार्क हसला. मग मी. मग आमची ही, जी हसू नये म्हणून मीटरच्या पिशवीचं बक्कल उगाच लावत-काढत होती. शेवटी मास्तरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण ते सगळं पाणी हसण्याचंच होतं असं मला वाटलं नाही. स्पार्कनं पॉलिश पेपरनं रंग घासून जागा चांदीसारखी केली, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस फासलं. हिने पुन्हा मीटर लावला. काटा पाव व्होल्टाच्याही खाली राहिला. दुसऱ्यांदा बघायचा हट्ट स्पार्कचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही धड्याला गेलो तेव्हा मास्तर ओला फडका घेऊन फळा पुसत होते. पुसून झाल्यावर ते बराच वेळ खडू हातात धरून उभे राहिले. मग फळा तसाच मोकळा ठेवून त्यांनी खडू खिशात टाकला. नर्सबाई आल्या, तशी ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. हे आधी कधी घडलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "वायर तुमच्या पायानं तुटली नव्हती. माझ्या रंगानं तुटली. मी तुम्हाला बोललो ते माझं चुकलं."

नर्सबाई दमून आल्या होत्या. त्यांनी आधी मास्तरांकडे, मग आमच्याकडे पाहिलं. "मला वाटत होतं मला जमणारच नाही," त्या म्हणाल्या. "मी या महिन्यात सोडणार होते."

"सोडू नका. तुमचा क्लच सगळ्यांत हलका आहे. मी मुद्दाम सांगत नव्हतो, डोक्यात जाईल म्हणून."

मास्तरांनी वही काढली आणि पाच महिन्यांत शिकून गेलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन केले. काहींनी हसून सोडून दिलं. एका गृहस्थांनी मात्र दहा मिनिटं ऐकवलं, आणि मास्तरांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी तेच मैदान, तीच रांग, तेच साहेब. फळी मांडीवर ठेवून ते म्हणाले, "चला." हिने किल्ली फिरवली. इंजिन इतक्या पटकन सुरू झालं, की मागे सवयीनं धक्का मारायच्या तयारीत उभे राहिलेले आम्ही दोघं, मी आणि मुद्दाम सोबत आलेल्या नर्सबाई, ओशाळून बाजूला झालो. चढावर ही थोडी मागे घरंगळली. तिने ब्रेक दाबला, सावकाश क्लच सोडला आणि गाडी वर नेली. वळणावरचा एक खांब तिच्या आरशाला चाटून गेला, त्याबद्दल साहेबांनी काहीतरी लिहिलं. खाली उतरल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "रस्त्यात गाडी सुरू झाली नाही, तर काय कराल?"

मास्तरांनी तिला याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं: गाडी कडेला घेईन, धोक्याचे दिवे लावीन, मदत बोलावीन. तिने तेवढं सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि मदत येईपर्यंत परतीची बाजू मोजून ठेवीन." साहेबांना काही कळलं नाही. मागे रांग होती. त्यांनी सही केली.

त्या रविवारी आम्ही मुलीकडे गेलो. एक तासाचा रस्ता हिने पावणेदोन तासांत कापला. गवताच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं हात केला आणि हिनेही केला. मी संपूर्ण वाट तोंड शिवून बसलो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत अवघड शिंपीकाम होतं. मुलगी कडेवर एक आणि खांद्यावर एक घेऊन दारात उभी होती. आई चालकाच्या जागेवरून उतरली, तशी ती दोघांना घेऊनच गाडीपर्यंत आली. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प कसे बसलात?" तेवढ्यात हिने दोन्ही नातवंडं तिच्याकडून काढून घेतली होती.

आता मंगळवार आणि शुक्रवार ही स्पार्कच्या दुकानात असते. त्यानं तिच्यासाठी गादीचं स्टूल आणलंय. गाडी समोर नीट चालते आणि रस्त्यात दगा देते, अशी कुणी तक्रार आणली की तो सांगतो, "मंगळवारी या." गेल्या आठवड्यात मात्र त्याचा फोन सकाळी, आम्ही चहा घेत असतानाच आला. दातांच्या डॉक्टरांची गाडी. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या.

"कुणी बदलल्या?" हिने विचारलं.

पलीकडून जे उत्तर आलं त्यावर ती बराच वेळ हसत होती. मग तिने वर्तमानपत्राच्या कडेला बॅटरीचे दोन आकडे लिहिले, कप उचलून ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली.

"मी चालले. तुम्ही येताय का? बोटं लागतील कदाचित."

मी चपला शोधायला उठलो. ती तोवर गाडीवरचं कापड काढून घडी घालत होती.